दौत बाजूला ठेवून: अबुल फजलची दख्खनमधली साडेतीन वर्षे

अबुल फजल हे नाव घेतले की आपल्यासमोर एकच चित्र उभे राहते. अकबरासमोर गुडघे टेकून बसलेला, हातात 'अकबरनामा' धरलेला एक विद्वान. शाळेच्या पुस्तकांनी त्याला 'नवरत्नां'पैकी एक म्हणून कोंदणात बसवले आणि पुढे आपण त्याच्याकडे वळून पाहिले नाही. आपल्या समाजात त्याची ओळख आणखी अरुंद आहे. काहींसाठी तो अकबराला दीनपासून दूर नेणारा माणूस, तर काहींसाठी आजच्या भाषणांत सोयीने वापरायचा 'उदार मुसलमान'. दोन्ही बाजूंनी त्याच्या विचारांवर भांडण होते. त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा मात्र कोणी वाचत नाही, आणि हा तुकडा तर आपल्या मातीत घडलेला आहे.

जानेवारी १५९९ ते ऑगस्ट १६०२, ही साडेतीन वर्षे अबुल फजलने मुख्यतः दख्खनच्या मोहिमेवर काढली. बुऱ्हाणपूर, पूर्णेचा काठ, गोदावरीचा काठ, असीरगड, नाशिक या टापूत तो घोड्यावर होता. निघाला तेव्हा त्याचे वय सुमारे ४८ होते. त्याआधीची पंचवीस वर्षे त्याने दरबारात, दफ्तरात, कागदांच्या गठ्ठ्यांत घालवली होती, आणि त्याहीआधीची वर्षे लपण्यात आणि हालात गेली होती. अशा माणसाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर तंबूत राहायला जावे, फौज हाकावी आणि पावसात डोंगर चढावा, याचा अर्थ काय? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. म्हणून आज त्यावरच लिहितो.

रात्री घर सोडणारे कुटुंब

अबुल फजलचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्र्यात झाला. घराणे मूळचे यमनचे. तिथून सिंध, सिंधमधून राजस्थानातले नागौर आणि तिथून आग्रा, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रवास. वडील शेख मुबारक नागौरी १५४३ मध्ये आग्र्याला आले, यमुनेच्या काठी राहिले आणि शिकवू लागले. घरात पैसा कमी, किताबे जास्त. थोरला मुलगा फैजी पुढे फारसीतला मोठा शायर झाला. धाकटा अबुल फजल पंधराव्या वर्षापर्यंत त्या काळचे बहुतेक इल्म शिकून मोकळा झाला होता.

त्याच्या तरुणपणाचा एक किस्सा सांगितला जातो. इस्फहानीच्या एका दुर्मीळ ग्रंथाची प्रत त्याच्या हाती आली. आगीत तिच्या प्रत्येक पानाचा उभा अर्धा भाग जळालेला होता. त्याने जळके कागद कापून काढले, नवे कागद चिकटवले आणि उरलेल्या अर्ध्या ओळी वाचून पुढच्या अर्ध्या स्वतः भरल्या. पुढे पूर्ण प्रत सापडली तेव्हा ताडून पाहिले. शब्द काही ठिकाणी वेगळे होते, पण आशय इतका जुळला की लोक थक्क झाले. किस्सा थोडा फुगलेला असेलही. पण हा मुलगा बैठकीचा किती पक्का होता, हे त्यातून कळते.

पण या घराला निवांत बसू दिले गेले नाही. शेख मुबारक यांनी सूर राजवटीत महदवी पंथाच्या शेख अलाईंची बाजू घेतली होती. तो ठपका त्यांच्यावर कायम राहिला. दरबारातले दोन बडे उलेमा, मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी आणि सद्र शेख अब्दुन्नबी, त्यांच्या मागे लागले. पकडण्याचा हुकूम निघाल्याची खबर आधी फैजीला लागली. त्याने मध्यरात्री वडिलांना उठवले. बाप आणि दोन मुलगे पायीच बाहेर पडले. ज्यांच्या दारी गेले त्यांचे चेहरे उतरले. कोणी दोन दिवस ठेवून घेतले, कोणी भीतीने नजर चुकवली. मागे त्यांच्या मशिदीतला मिंबर तोडला गेला. अखेर अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका याने शब्द टाकला तेव्हा सुटका झाली.

'आईन-ए-अकबरी'च्या शेवटी अबुल फजलने स्वतःच्या घराण्याची हकीकत लिहिली आहे. हे दिवस त्याने तिथे इतक्या बारकाईने लिहिले आहेत की जखम किती खोल होती हे कळते. तेव्हा त्याच्या हाती साऱ्या हिंदुस्थानचे दफ्तर होते. तरी कोणत्या दारावर थाप मारली आणि आतून काय उत्तर आले, हे तो विसरला नव्हता. हलाखीतून वर आलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पंचवीस वर्षे दफ्तराची

१५७४ मध्ये अबुल फजल दरबारात आला. नजराणा म्हणून त्याने आयत-उल-कुर्सीची तफसीर आणली. द्यायला घरात दुसरे काही नव्हते. त्याच वर्षी आणखी एक तरुण विद्वान दरबारात आला, तो म्हणजे मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी. दोघे शेख मुबारक यांच्याच हाताखाली शिकलेले. दोघांना सुरुवातीला विसाची लहानशी मनसब मिळाली. मनसब म्हणजे घोडे बाळगणे, ते डागायला नेणे, हजेरी देणे. बदायुनीला ते काही जमले नाही. त्याने पुढे एक हजार बिघे इनाम जमीन घेतली आणि आयुष्यभर कुढत राहिला. अबुल फजलने घोडे आणले, डागून घेतले आणि काम सुरू केले. पुढे बदायुनीने आपल्या इतिहासात स्वतःच ही तुलना केली आहे आणि तिच्यात पश्चात्तापाचा सूर लपत नाही.

अबुल फजलचे खरे काम मात्र लेखणीचे होते. बादशहाची पत्रे, फर्मानांचे मसुदे, इबादतखान्यातल्या चर्चा, भाषांतरे. महाभारताच्या फारसी भाषांतराला, म्हणजे 'रझ्मनामा'ला, त्याने १५८७ मध्ये प्रस्तावना लिहिली. पंचतंत्राच्या कथांचा 'इयार-ए-दानिश' केला. १५८९ मध्ये अकबराने त्याला आपल्या राजवटीचा इतिहास लिहायला सांगितले आणि तिथून 'अकबरनामा'चा डोंगर सुरू झाला. दरबारात रोज घडणारी गोष्ट टिपायला चौदा वाकियानवीस होते. रोज दोघांची पाळी. त्यांच्या नोंदी, सुभ्यांचे हिशेब, म्हाताऱ्या सरदारांच्या आठवणी, घरातल्या बायकांनी सांगितलेल्या हकीकती, हे सगळे त्याच्यापुढे येऊन पडायचे. त्याने या लिखाणाचे पाच खर्डे केले.

'आईन'चे पान उघडा आणि पाहा. त्यात काय नाही? भाजीचा भाव, गवंड्याची मजुरी, हत्तीचा खुराक, तोफ साफ करायची रीत, जमिनीची मोजणी, हिंदूंची सहा दर्शने. आपल्या वऱ्हाडचाही त्यात अध्याय आहे. लोणारचे सरोवर आहे, त्यातून काच आणि साबण करायला लागणारा क्षार निघतो हेही आहे. वऱ्हाड मोगलांना १५९६ मध्ये मिळाले आणि 'आईन' त्यानंतर दोनेक वर्षांत पुरे झाले. म्हणजे लोणारबद्दल त्याने लिहिले ते आलेल्या कागदांवरून. वऱ्हाडच्या वाटेला तो लागला तो नंतर.

या पंचवीस वर्षांत तो एका खोलीत कोंडून होता असे नाही. अकबराचा दरबार चालता होता, त्याबरोबर तो काश्मीर-काबूललाही गेला. पण जाणे बादशहाच्या छावणीतून, आणि मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा कागद. जोखीम दुसऱ्याची, नोंद त्याची.

चिठ्ठी बिरबलाच्या नावाची

मैदानात उतरण्याची इच्छा त्याला मोहिमेच्या खूप आधीपासून होती. १५८६ च्या सुरुवातीला वायव्य सरहद्दीवर युसुफझाई पठाणांविरुद्ध झैन खान कोकाला कुमक हवी होती. अबुल फजलने जायची परवानगी मागितली. बिरबलानेही मागितली. अकबराने चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी बिरबलाची निघाली. फेब्रुवारी १५८६ मध्ये त्या घाटात बिरबल मारला गेला. त्याच्याबरोबर हजारो माणसे गेली. अकबराच्या राजवटीतला हा सर्वात मोठा लष्करी फटका म्हणतात.

दरबारातला एक लेखणीबहाद्दर गेला आणि परत आला नाही. दुसरा राहिला तो केवळ चिठ्ठीमुळे. त्यानंतर तेरा वर्षे अबुल फजलने पुन्हा दफ्तरच सांभाळले. त्या दरम्यान मनसब वाढली, पण घर रिकामे होत गेले. १५९३ मध्ये वडील गेले. शेख मुबारक यांचे डोळे शेवटी अधू झाले होते. तरी या माणसाने म्हातारपणी कुराणाची चार जाड जिल्दांची तफसीर लिहवून घेतली. १५९५ मध्ये फैजी गेला. फैजीनेही १५९१ ते १५९३ बादशहाचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगर पाहिले होते. म्हणजे दख्खनची वाट या घराला भावाने आधीच दाखवली होती.

पूर्णेच्या काठी

अबुल फजलला दख्खनला का पाठवले, याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. शहजादा मुराद इथे सेनापती होता आणि दारूने पार खंगला होता. त्याला परत आणायला विश्वासू माणूस हवा होता. दुसरे, शहजादा सलीमला अबुल फजल डोळ्यांसमोर नको होता आणि दरबारात असे आणखीही बरेच होते. हुकूम असा होता: सरदार मोहीम नीट सांभाळायला तयार असतील तर शहजाद्याला घेऊन ये, नसतील तर शहजाद्याला पाठव आणि मिर्झा शाहरुखबरोबर तू स्वतः सूत्रे हाती घे.

बुऱ्हाणपूरला पहिली परीक्षा झाली. खानदेशचा फारुकी सुलतान बहादूर खान याच्या घराण्याशी अबुल फजलची सोयरीक होती. त्याने किमती नजराणे पाठवले, म्हणजे मोहिमेत मदत करायची गरज पडू नये. अबुल फजलने ते परत केले. कोणाकडून काही घ्यायचे तर त्याच्या चार अटी होत्या: मैत्री असावी, वस्तूचा मोह नसावा, आपण तिची आस धरलेली नसावी आणि खरी गरज असावी. पहिल्या तिन्ही जुळल्या असे मानले तरी बादशहाच्या कृपेने चौथी उरली नाही, असे त्याने कळवले. लहानपणी जो दुसऱ्यांच्या दारी रात्री लपला, त्याला घेण्याची किंमत माहीत होती.

मे १५९९ मध्ये तो पूर्णेच्या काठी, दौलताबादपासून वीसेक कोसांवर, मुरादच्या छावणीत पोचला. ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी शहजादा मेला. छावणीत गोंधळ माजला होता. सरदार म्हणत होते, परत फिरा. परका मुलुख, जवळ आलेला शत्रू, मेलेला सेनापती. आयुष्यात कधी फौज न चालवलेला हा माणूस म्हणाला, परत फिरायचे नाही. काही सरदार ऐकेनात, निघून गेले. हा थांबला, उरलेल्यांची समजूत काढली, रसद आणि पैशाची सोय लावली, ठाणी बसवली आणि पुढे सरकला. नाशिक लांब पडल्यामुळे हातून गेले, बाकीचा जिंकलेला मुलुख त्याने राखला. गोदावरीच्या काठी त्याने तळ ठोकला.

मला यात तलवारीपेक्षा त्याचे दफ्तर दिसते. पंचवीस वर्षे ज्याने सैन्याच्या पगाराचे, दाण्याचे, घोड्यांचे नियम लिहिले, त्याला कोसळलेल्या छावणीत सगळ्यात आधी काय दुरुस्त करायचे हे ठाऊक होते. फौज पळते ती बहुधा पोटासाठी आणि थकलेल्या पगारासाठी. हे त्याने आयुष्यभर कागदावर पाहिले होते, आता समोर पाहिले. बैठे काम वाया गेले नाही. फक्त ते काम उठून उभे राहिले.

त्याच्या दख्खनमधल्या तंबूंबद्दल 'मआसिर-उल-उमरा'मध्ये मजेशीर माहिती आहे. हा माणूस दिवसाला बावीस शेर अन्न खायचा असे त्यात लिहिले आहे. ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देऊ. पण त्यापुढचे वाचण्यासारखे आहे. मोठ्या शामियान्यात सरदारांना रोज शेकडो थाळ्या जात, आणि जवळच्या दुसऱ्या तंबूत दिवसभर खिचडी शिजत असे. जो येईल त्याला मिळे. ज्याला एके काळी आसरा देताना यजमानाचा चेहरा उतरला होता, त्याच्या दारात चूल विझत नव्हती.

चांदबिबीशी करार

इथे आपल्याला, म्हणजे दख्खनच्या मुसलमानांना, थोडे थांबावे लागते. अबुल फजल आपल्याकडे आला तो पाहुणा म्हणून नव्हे. निजामशाही बुडवायला आला. आपल्या आजीच्या गोष्टींत चांदबिबी असते, अबुल फजल नसतो. तिने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा कोट मुरादविरुद्ध लढवला आणि वऱ्हाड देऊन राजधानी वाचवली. तिच्या बाजूने पाहिले तर उत्तरेचा हा विद्वान आक्रमणाचाच एक चेहरा आहे. त्याच्या उत्साहाचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

पण दोघांत एक बोलणी झाली होती, ती फारशी कोणी सांगत नाही. चांदबिबीला किल्ल्याबाहेरून अभंग खान हबशीचा त्रास होता. अबुल फजलने करार केला: अभंग खानाचा बंदोबस्त झाला की तिने अहमदनगरचा किल्ला सोडावा आणि जुन्नरची जहागीर घ्यावी. लढाईशिवाय प्रश्न मिटायची ती एक शक्यता होती. ती फळली नाही. शहजादा दानियालला अहमदनगर जिंकल्याचे श्रेय स्वतःला हवे होते. त्याने अबुल फजलला थांबायचा निरोप धाडला. इकडे किल्ल्यात, मोगलांशी संधान बांधल्याच्या संशयावरून चांदबिबीला तिच्याच माणसांनी १६०० मध्ये मारले. थोड्याच दिवसांत, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, किल्ला पडला.

सलोख्याची भाषा बोलणारी दोन माणसे, एक आत आणि एक बाहेर. आतलीला आपल्यांनी मारले, आणि बाहेरच्याला दोन वर्षांनी त्याच्याच बादशहाच्या मुलाने मारवले.

असीरगडाची पावसाळी रात्र

अहमदनगरहून अबुल फजल अकबराच्या बोलावण्यावरून निघाला आणि १६०० मध्ये, रमजानच्या महिन्यात, खरगोणजवळ बादशहाला भेटला. तिथे त्याला चार हजारी मनसब मिळाली. तिथून असीरगडाच्या वेढ्यात. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या माथ्यावर हा किल्ला आजही उभा आहे. दख्खनची किल्लीच म्हणायचे त्याला. वर जाण्याआधी डोंगराच्या कमरेवर 'मालई' नावाची तटबंदी लागते. ती घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नव्हते.

अबुल फजल खंदकांची पाहणी करत असताना किल्ल्यातून फुटून आलेल्या एकाने त्याला एक चोरवाट सांगितली. त्याने निवडक माणसे घेतली. मागच्या ठाणेदाराला सांगून ठेवले की कर्ण्याचा आवाज आला की शिड्या घेऊन धाव. रात्र अंधारी होती आणि पाऊस पडत होता. तो स्वतः सापन नावाच्या टेकडीवर चढला आणि तिथून करा बेगच्या हाताखाली काही माणसे पुढे पाठवली. त्यांनी मालईचा दरवाजा फोडला, कर्णा वाजला. आतले लोक उठले, झुंज सुरू झाली. पहाट होता होता अबुल फजल स्वतः त्यांना जाऊन मिळाला. मालई पडली. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला. तो नेमका कसा आला यावर वाद आहेत. जेझुइट पाद्री सोन्याची आणि दगलबाजीची गोष्ट सांगतात, तर अबुल फजल किल्ल्यातल्या रोगराईची.

आणि हो, मालईच्या रात्रीची ही हकीकत आपल्याला मुख्यतः कोणाकडून कळते? खुद्द अबुल फजलकडून. म्हणून चार आणे वजा करून वाचावी. पण उरलेले बारा आणेही कमी नाहीत. पन्नाशीला टेकलेला मुन्शी रात्री पावसात डोंगरावर होता, एवढे तरी त्यातून पक्के राहते.

आपल्यापैकी जे बसून आहेत त्यांच्यासाठी

मी स्वतः तीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर काढली. वडील यंत्रमागावर होते. रात्रपाळी करून येत तेव्हा कानात माग वाजतच असायचा. दंगलीनंतरच्या वर्षात आम्ही दोन भाड्याची घरे बदलली. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची कथा हीच आहे: हलाखी, मग कसेबसे शिक्षण, मग कारकुनी. टेबल मिळाले तेव्हा आईने शुक्रान्याच्या दोन रकात पढल्या. टेबल म्हणजे आमच्यासाठी सुरक्षितता होती. उन्हातान्हात राबायचे नाही, कोणाच्या दारी जायचे नाही. त्यामुळे त्या खुर्चीतून उठायचे असते, हे आम्हाला कोणी शिकवले नाही, आणि शिकवले असते तरी पटले नसते.

पन्नाशीत डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि चालायला सांगितले. फजरनंतर आमच्या मोहल्ल्यातून नदीच्या पुलापर्यंत जाऊन येणे सुरू केले. आधी गुडघे बोलायचे, आता बोलत नाहीत. इब्न सिनाने 'कानून'मध्ये तब्येत राखण्याच्या तीन गोष्टी सांगितल्या. त्यात पहिली कसरत, मग खाणे, मग झोप. हजार वर्षांपूर्वीचे हे बोल. १९५३ मध्ये लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक आणि जिने चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना छापली. बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होता. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे टपाल कर्मचारी यांतही तोच फरक दिसला. विज्ञानाने आकडे दिले, हकीम साहेबांनी आधीच क्रम लावून ठेवला होता.

पण माझे म्हणणे केवळ साखरेपुरते नाही. चालायला लागल्यावर मला मोहल्ला दिसू लागला. कोणाचा मुलगा दहावीनंतर घरी बसला आहे, कोणत्या विधवेचा पेन्शनचा अर्ज वर्षभर अडकला आहे, कब्रस्तानची कोणती भिंत पडली आहे. हे सगळे माझ्या खिडकीपासून तीनशे पावलांवर होते. अर्ज लिहिणे मला येते, तीस वर्षे तेच केले. आता आठवड्यातून दोन दिवस मी लोकांबरोबर कचेरीत जातो. रांगेत उभे राहतो. खिडकीपलीकडची भाषा मला कळते, हा त्यांना उपयोग.

आपल्या शिकलेल्या मुसलमानांत मला एक गोष्ट सारखी दिसते. हाल सोसून वर आलेला माणूस टेबल मिळाले की तिथेच रुतून बसतो. समाजावर लेख लिहितो, व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालतो, पण दफ्तरातले ज्ञान घेऊन बाहेर पडत नाही. त्याला वाटते, आपले वय झाले, आपले काम कागदाचे. बाहेर जे उरतात त्यांना ना नियम माहीत असतात ना कलम. मग आपण तक्रार करतो की नेतृत्व नालायक आहे. अबुल फजलची साडेतीन वर्षे मला इथे महत्त्वाची वाटतात. तो मैदानात उतरला तेव्हा त्याने लेखणी टाकली नाही. तिच्यातून जे कमावले होते तेच तो छावणीत घेऊन गेला.

अंतरीची वाट

शेवट वाईट झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. १६०१-०२ मध्ये तो पुन्हा दख्खनमध्ये राजू आणि इतरांशी झुंजत होता. नाशिककडे गेला, तिथून खानखानानच्या मदतीला बोलावला गेला. १६०२ मध्ये त्याला पाच हजारी मिळाली. उत्तरेत सलीमने बंड मांडले होते. अकबराने निरोप धाडला: फौज मुलगा अब्दुर्रहमानकडे सोपव आणि लगेच ये. तो मोजकी माणसे घेऊन निघाला. वाटेत लोकांनी सावध केले की सलीमने ओर्छाच्या बीरसिंह बुंदेल्याला तुझ्या वाटेवर बसवले आहे. त्याने वाट बदलली नाही. १२ ऑगस्ट १६०२ रोजी नरवर आणि अंतरीच्या मध्ये घेराव झाला. दोन कोसांवर अंतरीला बादशाही फौज होती, तिकडे पळा, असे जवळच्या एका अफगाण सरदाराने विनवले. तो पळाला नाही. भाल्याने जखमी होऊन पडला, शीर कापून अलाहाबादला सलीमकडे गेले. धड ग्वाल्हेरजवळ अंतरीला दफन झाले. पुढे जहांगीर झालेल्या सलीमने आपल्या आठवणींत हा खून आपणच करवला हे उघड लिहिले आहे.

काही जण म्हणतील, मग दफ्तरातच बसला असता तर वाचला असता. कदाचित. बदायुनी बसून राहिला, इनाम जमीन मिळवली, आपला राग एका गुप्त इतिहासात लिहिला. तो ग्रंथही मोलाचा आहे, आपण तोही वाचतो. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की एक फरक जाणवतो. एकात जग आपल्याशी कसे वागले याची जंत्री आहे. दुसऱ्याचा लेखक अर्धे पुस्तक लिहून उठला आणि त्या जगात जाऊन उभा राहिला. 'अकबरनामा'ची उरलेली वर्षे दुसऱ्याच कोणाला तरी लिहावी लागली.

अबुल फजलच्या ईमानाचा फैसला करणारा मी कोण? दख्खनी म्हणून त्याच्या मोहिमेशी माझे भांडणही राहीलच. पण हलाखीने ज्याला भीती शिकवली, दफ्तराने ज्याला बसायला शिकवले, त्याने पन्नाशीजवळ दोन्ही धडे बाजूला ठेवले. आपल्यातल्या ज्यांना वाटते की आपले वय, आपली तब्येत आणि आपले भूतकाळातले हाल आता आपल्याला उठू देणार नाहीत, त्यांनी एकदा पूर्णेच्या काठची ती छावणी आठवून पाहावी. सेनापती मेला आहे, सरदार निघून चालले आहेत, आणि आयुष्यभर कागद लिहिलेला एक माणूस शांतपणे विचारतो आहे: दाणा किती दिवसांचा आहे, आणि पगार कोणाचा थकला आहे?